समजून घेतलेले मूल शाळेत रमते



शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की घरभेटींच्या वेळी एक तक्रार हमखास कानावर येते. "फादर, सातवीपर्यंत याला काही सांगावे लागत नव्हते. आता नववीत गेला आणि अभ्यासातले लक्षच उडाले. विचारले तर धड उत्तर देत नाही. तुम्हीच जरा समजवा." मुलगा असो वा मुलगी, तक्रार तीच. मग मोबाईलला दोष दिला जातो, मित्रांना दिला जातो, वयाला दिला जातो. या सगळ्यांचा काही ना काही वाटा असतोच. परंतु एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. हे मूल दिवसाचे सहा-सात तास ज्या शाळेत काढते, तिथे त्याला ओळखणारे, त्याचे म्हणणे समजून घेणारे एक तरी मोठे माणूस आहे का?

आजच्या लेखात आपण याच प्रश्नाचा अभ्यास करू या. आपल्या धर्मग्रामात शिक्षक-शिक्षिका आहेत, पालक तर आहेतच, आणि आठवी ते बारावीची काही मुले-मुलीही हे पत्रक वाचतात. विषय तिघांचाही आहे.

१. शाळेत असणे आणि शाळेत रमणे

हजेरीपटावर 'हजर' लिहिले गेले म्हणजे मूल शाळेत आहे असे आपण समजतो. पण हजर असणे निराळे आणि रमणे निराळे. २००४ साली अमेरिकेतील फ्रेड्रिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस या तीन अभ्यासकांनी या विषयावरचे तोवरचे संशोधन एकत्र करून पाहिले. शाळेत रमण्याची तीन अंगे त्यांनी सांगितली. पहिले वागण्याचे: मूल वेळेवर येते, वही आणते, गृहपाठ करते, खेळात व कार्यक्रमांत भाग घेते. दुसरे भावनेचे: शाळा त्याला आपली वाटते, तिथे जावेसे वाटते. तिसरे बुद्धीचे: अवघड गणित आले तरी ते सोडून न देता मूल त्याच्याशी झटत राहते, समजले नाही तर विचारते.

आपण पालक बहुधा पहिले अंग तेवढे पाहतो. शिक्षकही कामाच्या रेट्यात तेच पाहतात. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेला, कोणाला त्रास न देणारा मुलगा 'बरा' समजला जातो. प्रत्यक्षात त्याचे मन कधीच वर्गाबाहेर गेलेले असते, फक्त दप्तर आणि देह आत असतो. पुढे दहावीच्या निकालात ते दिसते, किंवा त्याआधीच मूल शाळा सोडते. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस अहवालानुसार २०२१-२२ या वर्षी देशात प्राथमिक स्तरावर मुलांच्या गळतीचे प्रमाण १.५ टक्के होते, उच्च प्राथमिक स्तरावर ३ टक्के, आणि नववी-दहावीच्या माध्यमिक स्तरावर १२.६ टक्के. म्हणजे जी मुले आठ वर्षे शाळेत टिकली, त्यांतलीच कितीतरी शेवटच्या टप्प्यावर निसटली. गरिबी, कामाला लागणे, मुलींची लवकर होणारी लग्ने, शाळेचे अंतर, अशी याची अनेक कारणे आहेत. परंतु निसटणाऱ्या मुलाला थांबवायला कोणी हात पुढे केला होता का, हाही प्रश्न त्यातच येतो.

२. पुण्यातलीच दोन उदाहरणे

यासाठी दूर जायला नको. आपल्या पुण्याच्या पेठांतच याची साक्ष मिळते.

जोतीराव फुले यांचा जन्म १८२७ सालचा. त्यांचे शिक्षण सुरू झाले, पण वडिलांनी लवकरच शाळा बंद केली आणि मुलगा शेतमळ्याच्या कामाला लागला. लहान वयात लग्नही झाले. आजच्या भाषेत सांगायचे तर ते गळती झालेले मूल होते. चरित्रकार सांगतात की दिवसभर राबून हा मुलगा रात्री दिव्याच्या उजेडात पुस्तक घेऊन बसे. ही गोष्ट शेजारच्या दोघांच्या लक्षात आली. एक फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी, आणि दुसरे ख्रिस्ती गृहस्थ लिजिट साहेब. या दोघांनी जोतीरावांच्या वडिलांची, गोविंदरावांची, समजूत घातली. १८४१ साली, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, जोतीराव पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. त्या दोघांनी फार मोठे काही केले असे नाही. एका मुलाकडे नीट पाहिले, त्याच्या मनात काय आहे ते ओळखले, आणि त्याच्या वतीने योग्य माणसाशी बोलले. महाराष्ट्राच्या इतिहासाला त्यातून केवढे वळण मिळाले, हे आपण जाणतो.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेव्हा अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्या आजच्या बारावीतल्या मुलीएवढ्या. पुढे या दांपत्याने अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली किशोरवयीन मुलगी शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथून सुरू केलेले पत्र.

हा निबंध आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो. आपल्या लोकांना इमारतींच्या पायात पुरले जात असे, त्यांच्या बायका उघड्यावर बाळंत होत, हे ती मुलगी स्पष्ट लिहिते. ज्यांना धर्मग्रंथ वाचायचाच अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न ती थेट देवाला विचारते. आणि शेवटी आपल्याच लोकांकडे वळून ज्ञानाचे औषध घ्या म्हणून त्यांना विनवते.

बंधु-भगिनींनो, थोडे थांबून विचार करा. शाळकरी मुलीने असा निबंध केव्हा लिहिला असेल? शिक्षकाने फळ्यावर लिहून दिलेले उतरवून घेणारी मुले गाय, पावसाळा, माझी सहल यांवर निबंध लिहितात. स्वतःच्या घरचे दुःख वहीत लिहायला मूल तेव्हाच धजते, जेव्हा वही तपासणारा माणूस ते हसण्यावारी नेणार नाही, रागावणार नाही, उलट समजून घेईल, अशी त्याची खात्री झालेली असते. वर आपण रमण्याची तीन अंगे पाहिली. ही मुलगी तिन्ही अंगांनी शाळेत होती. शिक्षण ही दुसऱ्याची वस्तू आपल्याला उष्टी दिली आहे असे तिला वाटले नाही. ते तिला आपले वाटले.

३. याच वयात ही गरज का वाढते?

लहान मुलांनाही शिक्षकांची माया हवी असते. मग किशोरवयाचे विशेष काय?

पहिली ते चौथीत बहुतेक ठिकाणी एकच वर्गशिक्षिका असते. कोणाला दम्याचा त्रास आहे, कोणाची आजी वारली, कोण डबा न आणता आला, हे सगळे तिला ठाऊक असते. पुढे माध्यमिक शाळेत प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका संपली की ते दुसऱ्या वर्गावर जातात. पन्नास-साठ मुलांच्या पाच-सहा तुकड्या शिकवणाऱ्या शिक्षकासमोर आठवड्याभरात तीनशेच्या आसपास चेहरे येतात. नावेसुद्धा लक्षात राहणे कठीण.

आणि नेमक्या याच काळात मुलाच्या मनात मोठी उलथापालथ चालू असते. मी कोण, मला काय येते, लोक मला काय समजतात, हे प्रश्न पहिल्यांदाच टोचू लागतात. आईवडिलांपासून थोडे अंतर ठेवावेसे वाटते, म्हणून घराबाहेरच्या एखाद्या मोठ्या माणसाचा आधार अधिकच हवासा होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली हीच विसंगती दाखवून दिली. ज्या वयात मुलाला मोठ्यांशी जवळीक आणि स्वतःच्या मताला थोडी जागा हवी असते, त्याच वयात शाळा अधिक परकी आणि अधिक कडक होते. चप्पल एका मापाची आणि पाय दुसऱ्या मापाचा, असे काहीसे होते. मग दोष पायाला दिला जातो.

२०११ साली नेदरलँड्समधील रूर्डा आणि सहकाऱ्यांनी बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंतच्या मुलांविषयीचे ९९ अभ्यास एकत्र तपासले. शिक्षक-विद्यार्थी नाते आणि शाळेतले रमणे यांचा संबंध त्यांना चांगलाच ठळक दिसला. परीक्षेतल्या गुणांशी असलेला संबंध त्याहून कमी होता, पण होता. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, चांगल्या नात्याचा हा संबंध वरच्या वर्गांत अधिक ठळक आढळला. 'आता तो मोठा झाला, आता त्याला शिक्षकांच्या मायेची काय गरज?' असे आपण म्हणतो. निष्कर्ष नेमका उलट आहे.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जे मूल मुळातच अभ्यासू असते त्याच्याशी शिक्षकांचे चांगले जमते, हेही खरेच. कार्य आणि कारण यांची गल्लत होऊ नये, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. म्हणून नुसता संबंध पाहून भागत नाही. शिक्षकांनी आपली दृष्टी मुद्दाम बदलली तर मुलांमध्ये फरक पडतो का, हे पाहावे लागते. तसा एक प्रयोग पुढे पाहू.

४. समजून घेणे म्हणजे नेमके काय?

'समजून घ्या' हे शब्द आपण इतके स्वस्त केले आहेत की त्यांचा अर्थ झिजून गेला आहे. 'जरा समजून घ्या हो' म्हणजे बहुतेक वेळा 'चूक पोटात घाला'. तो अर्थ इथे नाही.

एडिथ स्टाईन, ज्यांना आपण संत तेरेसा बेनेडिक्टा म्हणून ओळखतो, या मुळात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक. १९१६ साली त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयच मुळी हा होता: दुसऱ्याचा अनुभव मला कसा कळतो? पुढे १९२३ ते १९३१ या काळात जर्मनीतल्या स्पायर येथे डोमिनिकन सिस्टरांच्या शाळेत त्यांनी मुलींना शिकवले. १९४२ साली आउशवित्झच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले. त्यांच्या विचाराचे सार साध्या शब्दांत असे सांगता येईल. दुसऱ्याचे दुःख मला कळते तेव्हा ते माझे दुःख होत नाही. ते त्याचेच राहते. पण मी बाहेर उभा राहून त्याच्याविषयी नुसता तर्कही करीत नाही. त्याच्या अनुभवाच्या मागोमाग मी जातो आणि तो जिकडे पाहतो आहे तिकडे पाहण्याचा प्रयत्न करतो.

यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली: समजून घेणे म्हणजे कीव करणे नव्हे. 'बिचारा गरीब घरातला आहे, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची?' असे म्हणणाऱ्या शिक्षकाने मुलाला समजून घेतलेले नसते, त्याला निकालात काढलेले असते. मुलांना हे फार लवकर कळते.

दुसरी: समजून घेणे म्हणजे प्रत्येक गोष्टीला हो म्हणणे नव्हे. तू गृहपाठ का केला नाहीस हे मला समजले, आणि तरीही तो उद्या पूर्ण करून आणायचा आहे, ही दोन्ही वाक्ये एकाच शिक्षकाच्या तोंडी शोभतात.

तिसरी: समजून घेणे म्हणजे 'मला सगळे माहीत आहे' असे समजणे नव्हे. 'तुझे काय चालले आहे ते मला पक्के ठाऊक आहे' असे विचारण्याआधीच म्हणणाऱ्या माणसापुढे मूल तोंड मिटून घेते. समजून घेण्याची सुरुवात प्रश्नाने होते आणि त्यानंतर थोडा वेळ गप्प बसावे लागते.

याला संत जॉन बॉस्को यांनी आणखी एक मोलाची भर घातली आहे. येरवड्याला ज्यांच्या नावाची शाळा आहे, तेच हे डॉन बॉस्को. १८८४ च्या मे महिन्यात त्यांनी रोमहून तूरिन येथील आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र पाठवले. त्यात त्यांनी दोन पटांगणांचे चित्र रेखाटले आहे. जुन्या पटांगणात धर्मगुरू मुलांबरोबर पळत, खेळत, हसत आहेत. नव्या पटांगणात मोठी माणसे आपसांत बोलत फेऱ्या मारत आहेत आणि मुले कोपऱ्यांत कंटाळून उभी आहेत. त्यांचे सांगणे असे की मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना जाणवले पाहिजे. आजचे संशोधक जेव्हा प्रश्नावली काढतात, तेव्हा तेही मुलालाच विचारतात: तुझे शिक्षक तुला समजून घेतात असे तुला वाटते का? शिक्षकाच्या मनात माया असेल, पण ती मुलापर्यंत पोहोचली नाही तर मुलाच्या लेखी ती नाहीच.

ती पोहोचवायची कशी, हे साने गुरुजींच्या जीवनात दिसते. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि तिथल्या छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे नीट ठेवणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करीत. मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखितही ते काढीत. घरापासून दूर राहणाऱ्या त्या मुलांना माया दिसत होती, रोज, डोळ्यांसमोर.

५. मग शिस्तीचे काय?

हा प्रश्न आपल्यातले वडीलधारे नक्की विचारतील. "फादर, आमच्या वेळी मास्तर छडीने झोडपत. आम्ही काही बिघडलो नाही. उलट शिकलो." या म्हणण्यात प्रामाणिकपणा आहे. पण हे सांगायला कोण शिल्लक आहे, हेही पाहिले पाहिजे. छडी खाऊन जे टिकले ते आज आपल्याला ही गोष्ट सांगतात. छडीच्या भीतीने ज्यांनी चौथीत किंवा सातवीत शाळेला रामराम ठोकला, त्यांची गोष्ट सांगायला कोणी येत नाही. त्या काळच्या वर्गाच्या फोटोत किती मुले होती आणि दहावीला किती पोहोचली, याची कधी मोजदाद करून पाहा.

शिवाय कायदाही आता स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्हींना मनाई आहे. मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावे, त्याला आपले मत मोकळेपणी मांडता यावे, हेही त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये नमूद केलेले आहे.

आता मघाशी सांगितलेला प्रयोग. २०१६ साली ओकोनोफुआ, पॉनेस्कू आणि वॉल्टन या संशोधकांनी अमेरिकेतील पाच शाळांत ३१ गणिताचे शिक्षक आणि त्यांचे १,६८२ विद्यार्थी यांच्यासह तो केला. काही शिक्षकांना एक-दोन बैठकांत थोडा मजकूर वाचायला दिला. मुले गैरवर्तन का करतात, त्या वेळी त्यांना काय वाटत असते, शिक्षकाने ऐकून घेतले तर काय होते, असा तो मजकूर होता. मग त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितले की ते अशा प्रसंगी कसे वागतील. उरलेल्या शिक्षकांनी दुसऱ्याच विषयावरचा मजकूर वाचला. सगळे मिळून काम तासा-सव्वा तासाचे. वर्षअखेरीस पाहिले तर दुसऱ्या गटातल्या मुलांपैकी ९.६ टक्के मुलांना शाळेतून तात्पुरते काढण्याची शिक्षा झाली होती, आणि पहिल्या गटात ४.८ टक्के, म्हणजे निम्म्याने कमी. पूर्वी शिक्षा झालेल्या मुलांनीही सांगितले की शिक्षक आपल्याला अधिक मानाने वागवतात.

शिक्षक बदलले नाहीत, मुले बदलली नाहीत, नियमही तेच राहिले. नियम मोडणाऱ्या मुलाकडे पाहण्याची दृष्टी तेवढी बदलली. एका प्रयोगाने सगळे सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. तरीही यातून आशा मिळते. समजून घेणे ही काही जन्मजात देणगी नाही, ती शिकता येते.

पुनरुत्थित प्रभू एम्माउसच्या वाटेवर दोन निराश शिष्यांना भेटला, तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचा. तो त्यांच्या चालीने चालतो. कशाविषयी बोलत आहात, असे विचारतो. त्याला सगळे ठाऊक असूनही त्यांना त्यांची पूर्ण हकिकत सांगू देतो. त्यानंतर तो त्यांना चांगले खडसावतो, आणि मग शास्त्र उलगडून सांगतो. खडसावणे आहे, शिकवणेही आहे, पण दोन्ही ऐकून घेतल्यानंतर. म्हणूनच ते दोघे रात्रीच्या वेळी उठून यरुशलेमला परत गेले.

६. आपण काय करू शकतो?

शिक्षकांसाठी. तुमच्यावर कामाचा किती बोजा आहे याची आम्हाला कल्पना आहे. शिकवणे, पेपर तपासणे, त्यात जनगणना, निवडणुका आणि न संपणारी माहितीपत्रके. तीनशे मुलांना एकट्याने समजून घेणे कोणालाच शक्य नाही. पण आठवड्यातून एका मुलाकडे, शक्यतो जो कोणाच्याच नजरेत भरत नाही त्याच्याकडे, दोन मिनिटे वळता येईल. रागावण्याआधी एक प्रश्न विचारता येईल: "आज काय झाले?" वही तपासताना नुसत्या सहीऐवजी एक ओळ लिहिता येईल. विचारायचे ते चारचौघांत विचारू नका, बाजूला घेऊन विचारा. या वयात वर्गासमोर झालेला अपमान मूल विसरत नाही.

पालकांसाठी. शाळेत पालकसभेला जाताना आपण गुण विचारायला जातो. या वेळी शिक्षकांना काहीतरी सांगायलाही जा. घरात आजारपण आहे, वडिलांची रात्रपाळी असते, मुलीला चित्रे फार आवडतात, चारचौघांत बोलायची तिला भीती वाटते. शिक्षकांना हे कोण सांगणार? आपल्यापैकी अनेकांच्या घरी मराठी बोलली जाते आणि मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. लहान वर्गांत हे खपून जाते. नववीत विचार मोठे होतात आणि ते मांडायला शब्द अपुरे पडतात. मग मूल गप्प होते आणि त्या गप्प बसण्याला कोणी आळस म्हणते, कोणी मंदपणा. हे शिक्षकांच्या कानावर घाला. इंग्रजी येत नाही म्हणून संकोच करू नका. पुण्यातल्या शाळेत मराठी समजणारे शिक्षक नक्की भेटतील. आणि कृपा करून मुलांसमोर शिक्षकांना नावे ठेवू नका. ज्या माणसाविषयी घरात रोज वाईट ऐकले, त्याच्याजवळ मूल मन मोकळे कसे करील?

धर्मशिक्षण वर्गासाठी. आपल्याकडे तीनशे मुले नाहीत. वीस-पंचवीसांचा वर्ग असतो. शाळेत ज्याला कोणी ओळखत नाही, त्याला रविवारी नावाने हाक मारणारे कोणी असावे, एवढे तरी आपल्याला जमले पाहिजे. दृढीकरणाची तयारी करणारी मुले याच वयाची असतात. प्रश्नोत्तरे पाठ झाली का, एवढेच विचारू नका. आठवडा कसा गेला, हेही विचारा.

मुला-मुलींसाठी. समजून घेणे दुहेरी असते. आपल्या बाई किंवा सर थकलेले असतील, त्यांच्याही घरी काही चालू असेल. एखाद्या शिक्षकाशी जमत नसेल तर दुसरे आहेत. ज्यांच्याशी थोडे तरी बोलावेसे वाटते असे एक माणूस शोधा आणि पहिले वाक्य तुम्ही बोला. "सर, मला हे समजत नाही" हे वाक्य कमीपणाचे नाही.

शेवटी एक गोष्ट. मायेने सगळे प्रश्न सुटत नाहीत. काही मुलांना अक्षरेच उलटसुलट दिसतात, काहींच्या घरी फीचे पैसे नसतात, काही खरोखर नैराश्याने आजारी असतात. त्यांना तपासणी, मदत आणि उपचारच हवेत. मूल सतत उदास असेल, जेवणखाण व झोप बिघडली असेल, जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर वाट पाहू नका. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक सरकारने २०२२ साली सुरू केला आहे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पण मुलाला नेमके काय हवे आहे हे कळण्यासाठीसुद्धा आधी कोणीतरी त्याचे ऐकावे लागते.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

या आठवड्यात एका संध्याकाळी, टीव्ही बंद करून, कुटुंबाने एकत्र बसून या प्रश्नांवर बोलावे. मोठ्यांनी आधी स्वतः उत्तरे द्यावीत, मग मुलांना विचारावे. मुले बोलत असताना मध्ये तोडू नये.

१. तुमच्या शालेय जीवनात तुम्हाला समजून घेणारे शिक्षक कोण होते? त्यांनी नेमके काय केले होते?

२. तुझ्या शाळेत असे कोणते शिक्षक आहेत, ज्यांना तुझ्या मनातले सांगता येईल?

३. तुझ्याविषयी शिक्षकांना माहीत असावी असे तुला वाटते, पण माहीत नाही, अशी एक गोष्ट कोणती? ती आम्ही सांगावी की तू सांगशील?

४. आपल्या वस्तीत किंवा धर्मग्रामात शाळा सोडण्याच्या वाटेवर असलेले कोणी मूल आहे का? त्याच्या आईवडिलांशी आपल्यापैकी कोण बोलू शकेल?

चौथ्या प्रश्नाला एखादे नाव सुचले तर ते मनातच ठेवू नका. जोतीरावांच्या शेजाऱ्यांनी ते मनात ठेवले नव्हते. मिस्सानंतर मला किंवा सिस्टरांना येऊन सांगा. त्या घरी आपण मिळून जाऊ.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू